गावात क्री लोकांच्या आभाळाचा माहितीपट लावायचा तर

तारीख आधी ठरवा, आणि ती चंद्र बघून ठरवा. जागा, प्रोजेक्टर, पाहुणे हे सगळं मागून. कॅनडातल्या मूळ रहिवासी क्री लोकांच्या तारकाज्ञानावरचा माहितीपट दाखवला आणि तो संपल्यावर लोकांना डोक्यावर एकही तारा नीट दिसला नाही, तर सगळी खटपट वाया गेली असं मी समजते. मी पन्हाळा तालुक्यातल्या एका गावाचं वाचनालय बघते. आमच्याकडं हा कार्यक्रम शाळेच्या पटांगणात होतो. कोल्हापुरातल्या मंडळांचे, आसपासच्या शाळांचे फोन येतात, "मॅडम, आम्हाला पण करायचंय, काय काय लागतं?" म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहिते.

फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य, अमावस्येच्या जवळचा शनिवार. यापेक्षा चांगली वेळ आपल्या भागात नाही. पावसाळ्यात तर पन्हाळा-गगनबावड्याकडं आभाळाचं तोंडच दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीत आभाळ स्वच्छ असतं, पण सप्तर्षी पुरते वर यायला मध्यरात्र होते, आणि क्री गोष्टींतलं निम्मं जग त्या सात ताऱ्यांत आहे. एप्रिल-मेमध्ये धुरळा, वळवाचे ढग आणि गावोगावच्या जत्रा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मात्र आठच्या सुमाराला मृग डोक्यावर असतो, कृत्तिका पश्चिमेला छान उंचावर असतात आणि दहा वाजता सप्तर्षी ईशान्येला पूर्ण वर आलेले असतात. दहावी-बारावीच्या परीक्षा याच दिवसांत असतात, तेव्हा पोरांच्या पेपरांचं वेळापत्रक बघूनच शनिवार पक्का करा.

या दिवसांचं आणखी एक कारण आहे, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. क्री लोकांच्या पवित्र कथा परंपरेनं हिवाळ्यात, जमिनीवर बर्फ असतानाच सांगितल्या जातात. मार्चच्या सुरुवातीला त्यांच्याकडं बर्फ असतो. त्यांच्या गोष्टी आपण त्यांच्या काळात ऐकतोय, हे लोकांना सुरुवातीलाच सांगा. आपल्याकडं कहाण्या श्रावणात वाचायच्या असतात, त्यामुळं हे कुणाला फोडून सांगावं लागत नाही.

जागा

शहरात करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. दसरा चौकात शाहू स्मारकाचं सभागृह उत्तम आहे, पण बाहेर पडल्यावर वर काय दिसणार? रंकाळ्यावरही दिव्यांचा उजेड पाण्यात आणि आभाळात सारखाच. शहरातल्या मंडळांनी पन्हाळा, शाहूवाडी किंवा करवीरच्या पश्चिमेकडच्या एखाद्या गावाशी बोलावं आणि तिथल्या शाळेचं पटांगण घ्यावं. गावालाही कार्यक्रम मिळतो.

पटांगण निवडताना उत्तर मोकळी आहे का ते बघा. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तरेला आहे, म्हणजे ध्रुव तारा क्षितिजापासून जेमतेम १७ अंश वर. हात लांब करून मूठ धरली तर एक मूठ सुमारे १० अंशांची होते. म्हणजे ध्रुव दोन मुठींच्याही खाली. उत्तरेला शाळेची इमारत, पाण्याची टाकी किंवा आंब्याचं झाड असलं की संपलं. पडदा शक्यतो दक्षिणेला लावा. माहितीपट संपला की माणसं उठून फक्त मागं वळतात आणि समोर सप्तर्षी.

पटांगणाजवळचे रस्त्यावरचे दिवे तासाभरासाठी बंद करायला ग्रामपंचायतीला आधी अर्ज द्या आणि वायरमनला प्रत्यक्ष भेटा. देवळाच्या शिखरावर एलईडीच्या माळा असतात, त्यासाठी पुजाऱ्यांना सांगावं लागतं. कारण समजलं की सहसा कुणी नाही म्हणत नाही.

परवानग्या

इथं आळस करू नका. घरी बसून बघायला मोफत असलेला माहितीपट गावाला दाखवायची मुभा त्यातून मिळत नाही. निर्मात्याकडून किंवा वितरकाकडून सामुदायिक प्रदर्शनाची लेखी परवानगी घ्यायची. कॅनडाचं राष्ट्रीय फिल्म बोर्ड १९३९ पासून आहे, तिथल्या मूळ रहिवाशांनी केलेले बरेच माहितीपट त्यांच्याकडं मिळतात. पत्रात स्पष्ट लिहा: गाव किती मोठं, तिकीट आहे की नाही, मराठी उपशीर्षकं करणार का, ध्वनिमुद्रण करणार का. शुल्क असेल तर भरायचं. ज्यांचं ज्ञान त्यांना न विचारता नेलं गेलं, त्यांच्यावरचा माहितीपट आपण न विचारता दाखवायचा, हे मला सहन होत नाही.

दुसरी बाब आपल्याकडची. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार सार्वजनिक प्रदर्शनाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, आणि परदेशी माहितीपटाकडं ते बहुधा नसतं. महोत्सवांना केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडून सूट मिळू शकते. त्यामुळं एकट्यानं धडपडण्यापेक्षा एखाद्या फिल्म सोसायटीला किंवा महाविद्यालयाला सोबत घ्या, त्यांना ही वाट माहीत असते. पोलीस ठाण्यात अर्ज द्या. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, म्हणून माहितीपट दहाच्या आत संपला पाहिजे.

आधी नकाशा, मग माहितीपट

आता खरं काम. क्री लोक अल्बर्टापासून क्वेबेकपर्यंत कॅनडाच्या फार मोठ्या पट्ट्यात पसरलेले आहेत. त्यांच्या आभाळाबद्दल आज जगाला जे कळतंय त्यात विल्फ्रेड बक यांचा वाटा मोठा आहे. ते मॅनिटोबा प्रांतातल्या ओपास्क्वायाक क्री नेशनचे. फुगवता येणारं फिरतं तारांगण घेऊन ते शाळाशाळांतून मुलांना ताऱ्यांच्या गोष्टी सांगत आले. ओपास्क्वायाक आहे द पा या गावाला लागून, जवळजवळ ५४ अंश उत्तरेला.

हा ५४ चा आकडा प्रेक्षकांच्या डोक्यात बसल्याशिवाय माहितीपट सुरू करू नका. तिथं ध्रुव पाच मुठींहून उंच असतो. सप्तर्षी तिथं कधीच मावळत नाहीत, वर्षभर ध्रुवाभोवती फिरत राहतात, आणि त्यांच्या गोष्टी याच फिरण्यावर उभ्या आहेत. आपल्याकडं सप्तर्षी उगवतात आणि मावळतात. नोव्हेंबरात संध्याकाळी शोधायला गेलात तर सापडणार नाहीत. हे ठाऊक नसलेला माणूस "अस्वल आभाळात गोल फिरतंय" हे ऐकून मान डोलावतो, पण त्याला ते दिसत नाही.

त्यासाठी स्टेलेरियम हे मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घ्या. आधी ठिकाण कोल्हापूर ठेवा, तोंड उत्तरेकडं, आणि रात्र वेगानं पळवा. मग ठिकाण बदलून द पा करा आणि तीच रात्र पुन्हा पळवा. आमच्याकडं या पाच मिनिटांत पोरं उठून पडद्याजवळ येतात. त्यात वेगवेगळ्या समाजांची आभाळंही आहेत. क्रींच्या शेजारच्या ओजिब्वे लोकांचं आहे, तेही दाखवता येतं, फक्त ते ओजिब्वेंचं आहे असं सांगून.

त्याच्याही आधी दोन मिनिटं अंबाबाईच्या किरणोत्सवावर बोला. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, आणि नोव्हेंबरात ९, १०, ११. मावळतीची किरणं गाभाऱ्यात देवीपर्यंत पोचतात. दोन वेगळ्या महिन्यांत तोच प्रसंग का? २१-२२ डिसेंबरला सूर्य सगळ्यात दक्षिणेला मावळतो. त्याच्या साधारण चाळीस-बेचाळीस दिवस आधी आणि तितकेच दिवस नंतर तो क्षितिजावर एकाच जागी मावळतो. मुलांना कॅलेंडर देऊन दिवस मोजायला लावा. महाद्वाराकडच्या इमारतींचा किरणांना होणारा अडथळा कोल्हापुरात सगळ्यांना माहीत आहे. आभाळ आणि माणसाचं बांधकाम यांचं नातं ज्या गावाला दर वर्षी बातमीतून भेटतं, त्याला क्रींचं तारकाज्ञान परकं वाटायचं कारण नाही.

कोणत्या गोष्टींची तयारी करून द्यावी

सगळ्या नको. तीन पुरतात.

पहिली, ओचेक. हा पाणमांजराच्या कुळातला, झुपकेदार शेपटीचा उत्तरेकडचा रानप्राणी. जगात नुसता हिवाळाच होता तेव्हा उन्हाळ्याची पाखरं कोंडून ठेवलेली होती. ओचेकनं ती सोडवली. पाठलाग झाला, तो झाडावरून थेट आभाळात चढला आणि शेपटीच्या टोकाला बाण लागला. आपल्या सप्तर्षींतच तो दिसतो आणि त्याच्या फिरण्यावरून ऋतू कळतात.

दुसरी, मिस्ता मस्क्वा, म्हणजे दांडगाई करणारं मोठं अस्वल. तेही सप्तर्षींतच. सात पाखरं त्याच्या मागं लागली आणि त्याला आभाळापर्यंत पळवलं. पाठलाग करणारी ती सात पाखरं म्हणजे आपण ज्याला उत्तर मुकुट म्हणतो तो तारकासमूह, मार्चच्या सुरुवातीला तो अकराच्या सुमाराला उगवतो. त्यांतल्या रॉबिन नावाच्या पाखराचा बाण अस्वलाला लागला, रक्त उडालं, म्हणून रॉबिनची छाती लाल आणि शरदातली पानं लाल. इथं थांबून मुलांना विचारा की आपल्याकडं लाल पानं कधी दिसतात. रानात फिरणारं पोर लगेच सांगतं, आत्ता! कुसुंबाची कोवळी पालवी मार्चमध्ये लालभडक असते. त्यांच्याकडं पान गळायच्या आधी लाल होतं, आपल्याकडं फुटताना. गोष्ट तिथल्या जंगलाची आहे, ती उचलून आपल्या रानात आणली तर उलटी होते, हे मुलांना यातूनच समजतं.

तिसरी, पकोने किसिक, आभाळाला पडलेलं भोक. ते म्हणजे आपल्या कृत्तिका. ताऱ्यांच्या जगातली स्त्री तिथून पृथ्वीवर उतरली, कोळी आजीच्या धाग्याला धरून. माणसं ताऱ्यांकडून आली, असं क्री सांगतात. या गोष्टीनंतर मी काही बोलत नाही. खिद्रापूरला कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं आहे आणि कार्तिक पौर्णिमेचा चंद्र त्यातून बघायला गर्दी होते, ते कुणी तरी स्वतःहून काढतंच. काढू दे.

आणि हे ज्ञान तुटलं कसं, तेही सांगायला हवं. कॅनडात मूळ रहिवाशांची सुमारे दीड लाख मुलं घरापासून तोडून निवासी शाळांत घातली गेली. भाषा बोलली तर शिक्षा. या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाचा अंतिम अहवाल २०१५ साली आला. मॅनिटोबात १९६० च्या दशकात ग्रँड रॅपिड्सच्या धरणासाठी चेमावाविन इथल्या क्री लोकांना उठवून ईस्टरव्हिलला नेलं. आपल्या जिल्ह्यात वारणेच्या धरणग्रस्तांच्या वसाहती आहेत. तिथली माणसं पटांगणात असतील तर हा भाग तुम्ही घाईनं उरकू नका.

घरचं आभाळ

कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी गावातल्या जाणत्यांकडं जा. क्री लोकांत ज्येष्ठांकडं ज्ञान मागायला जाताना तंबाखू अर्पण करतात. आपण नारळ-सुपारी घेऊन जातो, तसंच जा. माईक घेऊन जाऊ नका.

"तुम्हाला नक्षत्रांची माहिती आहे का?" असं विचारलं की माणूस बुजतो आणि पंचांगाकडं बोट दाखवतो. विचारायचं असं: "मामा, घड्याळ नव्हतं तेव्हा रात्री किती वाजले ते कसं कळायचं?" आमच्याकडच्या एका धनगर मामांनी यावर तास काढला. तिकांडं कुठं आलं की मेंढरं उठवायची, बाजलं कुठं कललं की पहाट. तिकांडं म्हणजे मृगातले ओळीनं असलेले तीन तारे, बाजलं म्हणजे सप्तर्षींचे चार. रात्रीच्या लाईटवर उसाला पाणी पाजणारे, गुऱ्हाळावर चुलवाणापाशी रात्र काढलेले, या सगळ्यांना विचारा. बायकांना वेगळं विचारा, चारला उठून जात्यावर बसलेल्या आज्ज्यांचं आभाळ पुरुषांच्या आभाळापेक्षा निराळं असतं.

ऊसतोडीला आलेल्या लोकांना विसरू नका. मार्चमध्ये त्यांच्या कोप्या अजून शिवारात असतात आणि पहाटे तीनला त्यांचा दिवस सुरू होतो. रात्री दहापर्यंत ते थांबू शकत नाहीत, म्हणून त्यांच्याशी कोपीवर जाऊन बोला आणि आठ वाजताच्या आभाळदर्शनाला मुलाबाळांसह बोलवा. त्यांच्यात बंजारा समाजाची माणसं असतात. महाराष्ट्रातल्या गोंड, कोलाम, कोरकू आणि बंजारा समाजांच्या तारकाज्ञानाचा अभ्यास मयंक वाहिया, गणेश हलकारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला आहे. गोंडांकडं सप्तर्षींचे चार तारे म्हणजे खाट आणि मागचे तीन ती चोरायला निघालेले. हे वाचून मामांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मग? आमच्यात बी चोरच हाईत ते!"

कुणाचंही बोलणं रेकॉर्ड करायच्या आधी विचारा, आणि ते ग्रुपवर टाकायचं का हे पुन्हा वेगळं विचारा.

पडदा आणि आवाज

मांजरपाटाचा दुहेरी पडदा, मागं काळं कापड, चारी बाजूंनी बांबूला ताणून. सैल राहिला तर वाऱ्यानं चित्र डुलतं. तीन हजार ल्युमेनच्या वरचा प्रोजेक्टर अंधारात पुरतो. फाईल लॅपटॉपवर आणि पेनड्राइव्हवर, दोन्हीकडं. आदल्या रात्री त्याच जागेवर माहितीपट पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवून बघा. जनरेटर किंवा मोठा इन्व्हर्टर हवाच. मंडपवाला डॉल्बी देऊ करेल, ती नको. दोन साधे स्पीकर स्टँडवर उंच लावा, बोलणं स्वच्छ ऐकू आलं पाहिजे.

भाषेसाठी वितरकाकडून इंग्रजी उपशीर्षकांची फाईल मागा, परवानगीनं मराठी करा, व्हीएलसीमध्ये लावा. ओळी छोट्या, अक्षरं मोठी. पण वाचता न येणारे, चष्मा विसरलेले पुष्कळ असतात, म्हणून मला निवेदक जास्त भरवशाचा वाटतो. ठरवलेल्या जागी माहितीपट थांबवायचा, दोन-तीन वाक्यांत सांगायचं, पुढं जायचं. पडद्यावर कुणी क्री भाषेत बोलत असेल तेव्हा निवेदकानं तोंड उघडायचं नाही. ती भाषा बंद पाडायचा प्रयत्न झाला होता, ती गावाला पूर्ण ऐकू येऊ दे.

पोस्टरवर क्री हेच नाव लिहा, "रेड इंडियन" नको. आणि पोरांना पिसांचे मुकुट घालून स्वागताला उभं करायची कल्पना कुणी काढली तर तिथंच थांबवा. ती पिसं त्या लोकांत मानानं मिळवायची असतात.

त्या रात्री

सव्वासातला जमायचं, नकाशा आणि किरणोत्सव. पावणेआठच्या पुढं पूर्ण अंधार होतो. आठ ते साडेआठ पहिलं आभाळ: तिकांडं, कृत्तिका, आणि जाणत्यांचं बोलणं. मग माहितीपट. दहाला ध्वनिक्षेपक बंद, आणि दुसरं आभाळ उत्तरेकडं.

प्रोजेक्टरच्या उजेडानंतर डोळ्यांना अंधार सरावायला वीस मिनिटं तरी लागतात. या वेळात मोबाइल खिशात, आणि चहा-भडंग वाटून घ्या. हिरवा लेझर एकाच माणसाच्या हातात द्या, आणि विमान दिसलं की तो बंद. उजळाईवाडीचा विमानतळ जवळ आहे. सप्तर्षींच्या पुढच्या दोन ताऱ्यांमधली रेघ पाचपट वाढवून ध्रुव शोधायला लावा, प्रत्येकानं स्वतःच्या मुठीनं मोजायचा.

एक प्रश्न हमखास येतो: मृग तर जूनमध्ये लागतो, मग आत्ता कसा दिसतोय? उत्तर तयार ठेवा. पेरणीचा मृग लागतो तेव्हा सूर्य त्या ताऱ्यांच्या भागात असतो, म्हणून ते रात्री दिसत नाहीत. आपली पावसाची नक्षत्रं, तरणा, म्हातारा, "पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती", ही सगळी सूर्य कुठं आहे त्यावरून मोजलेली. ओचेकचे ऋतू रात्री डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांवरून. दोन्ही कालगणना खऱ्या, दोन्ही शेकडो वर्षं निरखून झालेल्या, पण रीत वेगळी.

चर्चा इथंच होते, अंधारात, माईकशिवाय. कुणी म्हणेल "म्हणजे आपल्यासारखंच आहे की सगळं". तेव्हा हळूच विचारा, काय सारखं आहे आणि काय नाही? चार ताऱ्यांत मामांना बाजलं दिसतं, क्रींना अस्वलही दिसतं आणि ओचेकही. घाईनं जुळवून टाकलं की दोन्हीकडचं बघणं थांबतं. राशिभविष्याचा विषय निघाला तर तो दुसऱ्या दिवशी वाचनालयात, असं सांगून मी बाजूला ठेवते.

दुसऱ्या दिवशी तीन कामं. रस्त्यावरचे दिवे परत लागले का ते बघा. जाणत्यांचं रेकॉर्डिंग त्यांना स्वतःला ऐकवा, नावं आणि ताऱ्यांच्या जागा त्यांच्यासमोर वहीत उतरवा, आणि वही वाचनालयात ठेवा. माहितीपटाच्या निर्मात्यांना पत्र लिहा: किती माणसं आली, मुलांनी काय विचारलं, आणि मामा काय म्हणाले. शेजारच्या गावाला तोच माहितीपट हवा असेल तर त्यांनी परवानगी नव्यानं मागायची, तुमची फाईल द्यायची नाही.